गाडी जागेवर, सरकारं फिरतीवर

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जुनी मोटार कुणी जपत नाही. ती उरते. मालगुजाराचा वाडा पडतो, वाड्याची वाटणी होते, वाटणीत विहीर एका भावाकडे आणि विहिरीवरचा पंप दुसऱ्याकडे जातो. गोठ्यातली मोटार मात्र कुणालाच नको असते, म्हणून ती सगळ्यांच्या सामायिक मालकीत तिथंच उभी राहते. तिच्या बॉनेटवर मोहफुलं वाळतात, मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवते, आणि गावातल्या पोरांच्या दोन-तीन पिढ्या तिच्यात बसून, तोंडानं भुर्रर्र करत, मुंबईला जाऊन येतात.

पुण्या-मुंबईकडे हिलाच व्हिंटेज म्हणतात आणि रविवारी सकाळी थोडं ऊन दाखवायला बाहेर काढतात. आमच्याकडे ऊन मुद्दाम दाखवावं लागत नाही. मे महिन्यात पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला टेकतो तेव्हा ते गोठ्यात स्वतः येऊन बघून जातं. कोल्हापुरात छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला निघते तेव्हा लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात. आमच्याकडे अशी गाडी निघालीच तर लोक तिच्या मागं उभे राहतात. ढकलायला.

हे असंच चालू राहिलं असतं. पण जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, घरगुती वापराची, चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ही व्हिंटेज ठरेल, मग ती परदेशातून आणलेली का असेना. अर्ज नमुना २० मध्ये, पोर्टलवर. नव्यानं नोंदणी असेल तर फी वीस हजार, आधी नोंदलेली असेल तर पाच हजार. कागद पुरे असले तर साठ दिवसांत प्रमाणपत्र, आणि ते दहा वर्षं चालेल. जुना क्रमांक असेल तर तो ठेवता येईल, नसेल तर ‘व्हीए’ अक्षरांचा नवा मिळेल.

त्याच वर्षी सरकारनं भंगार धोरणही आणलं. म्हणजे खासगी गाडी वीस वर्षांची झाली आणि तपासणीत नापास झाली की तिची रवानगी भंगारात, आणि तीच कशीबशी पन्नाशीला पोचली की तिला मानाचं पान. मधली तीस वर्षं गाडीनं काय करायचं याबद्दल नियम गप्प आहेत. आमच्याकडच्या गाड्या ती वर्षं गोठ्यात काढतात. धोरण येण्याच्या आधीपासून काढत आल्या आहेत.

आता आमचे भाटवे. म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. अख्खी सरकारी नोकरी त्यांनी आवक-जावकच्या टेबलावर काढली. अशा माणसाला निवृत्तीनंतर घरात बसवत नाही, कारण घरात काही आवक होत नाही आणि जावक तर ताई होऊ देत नाही. नियमाची बातमी त्यांनी वर्तमानपत्रातून कात्रीनं कापली, मागं पुठ्ठा चिकटवला आणि जाहीर केलं, “आजोबांची मॉरिस नोंदवतो.”

“कोणती मॉरिस?” ताई म्हणाली. “अहेरीले गोठ्यात हाय, ते? तिच्यात तर मामंजी तणीस भरत होते जी!”

“तणीस काढता येते,” भाटवे म्हणाले.

ही मॉरिस एट. ऑक्सफर्डजवळच्या कौलीच्या कारखान्यातली. हा कारखाना काढणारा विल्यम मॉरिस आधी सायकली दुरुस्त करत असे. नऊशे अठरा सीसीचं इंजिन, तीन गिअर, सहा व्होल्टची बॅटरी, तारांची चाकं. इंग्लंडात ती शिक्षक-कारकुनांची गाडी होती. आजोबांकडे राजुऱ्यात ती आली तेव्हा मात्र तालुक्यातल्या लोकांनी तिला आधी नारळ फोडला आणि मग तिचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते विचारलं.

राजुरा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आदिलाबाद जिल्ह्यात. वर्धा नदीच्या अलीकडे बल्लारपूर, तिथं इंग्रज. पलीकडे राजुरा, तिथं हुजूर निजाम. पात्र एवढंसं, पण अलीकडची नाणी पलीकडे कमी-जास्त भावानं चालायची, कारण तिकडे हाली सिक्का. निजामाचं जकातखातंही स्वतंत्र होतं, त्याला करोडगिरी म्हणत. त्यामुळे भाटव्यांच्या आजोबांची मोटार दोनदा आयात झाली. एकदा मुंबईच्या बंदरात, विलायतेतून इंग्रजी मुलखात. दुसऱ्यांदा वर्धेच्या काठावर, इंग्रजी मुलखातून निजामाच्या. पहिल्या खेपेला तिला आगबोटीनं आणलं, दुसऱ्या खेपेला बैलांनी. पाणी बैलांच्या पोटाला लागत होतं आणि आजोबा मोटारीत बसून स्टेअरिंग फिरवत होते, असं घरात सांगतात. बैल कुठं वळायचे ते बैलच ठरवत होते, हे घरात कमी सांगतात.

ज्या निजामाला जकात भरली त्याच्या घरची रोल्स रॉइस आज हैदराबादला चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. पिवळी, सिंहासनासारखी सीट असलेली. ती आयुष्यात मोजकेच मैल चालली. प्रजेची मॉरिस मात्र बाजाराला गेली, कोर्टाला गेली, लग्नाला गेली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलला रेशन लागलं तेव्हा मागं कोळशाच्या गॅसचा बंब बांधून गेली. रझाकारांच्या दिवसांत माणसं नदी ओलांडून चांद्याकडे गेली आणि मोटार कडब्याच्या गंजीत लपली.

इथून पुढं मोटार फारशी हलली नाही, सरकारं हलली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी गेली आणि गाडी कडब्यातून निघाली ती भारतात. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं, राजुरा मुंबई राज्यात आला आणि सोयीसाठी नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. राजुऱ्याहून नांदेड ही सोय कुणाला वाटली ते कळायला मार्ग नाही. १९५९ मध्ये तालुका चांदा जिल्ह्यात आला तेव्हा मोटारीसकट सगळ्यांनी सुस्कारा टाकला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मग चांद्याचं चंद्रपूर झालं. एवढं होईस्तोवर गाडी एकाच शेडमध्ये होती.

त्यानंतर ती एकदाच हलली. भाटव्यांच्या वडिलांनी अहेरीकडे तेंदूपत्त्याच्या ठेक्यात भागीदारी घेतली आणि जंगलातल्या फळीवर, म्हणजे पत्ता गोळा होतो तिथं, फिरायला म्हणून गाडी तिकडे नेली. फळीवर तिच्या सायलेन्सरनं पहिल्याच आठवड्यात मान टाकली आणि ती गोठ्यात गेली. तो गोठाही तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातला. पण २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि गाडी रात्रीतून गडचिरोलीची झाली. गोठा तोच, कोंबडी तीच.

आता हा सगळा प्रवास पोर्टलवर भरायचा होता. तिथं ‘पूर्वीचं राज्य’ यासाठी एक चौकोन असतो. एकच.

भाटव्यांकडे कागद होता, नाही असं नाही. लाल कापडी पुठ्ठ्याचं निजामी नोंदणीचं पुस्तक. सगळं उर्दूत. ताईच्या गल्लीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी चष्मा पुसून, चहा घेऊन, खड्या आवाजात वाचून दाखवलं: मॉरिस, आठ हॉर्स पॉवर, रंग काळा, नोंदणी माहे बहमन, सन १३४७. भाटव्यांनी त्याची जशीच्या तशी मराठी प्रत केली. आवक-जावकच्या माणसानं कागदात आपलं डोकं घालायचं नसतं.

ती प्रत आणि पुस्तक घेऊन आम्ही परिवहन खात्याच्या एका कचेरीत गेलो. खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिनं प्रत वाचली, पुन्हा वाचली.

“काका, साल तेराशे सत्तेचाळीस लिहिलं हाय.”

“हाव. तेच हाय.”

“पन्नास वर्षं तं होऊन गेली मग,” ती म्हणाली. मुलगी सरळ होती. नियमात जास्तीत जास्त किती वर्षं ते लिहिलेलं नाही, एवढं तिला पाठ होतं.

मागच्या टेबलावरच्या एका बाबूंचा बीएला इतिहास होता. त्यांनी मान वर केली. “बरोबर हाय मॅडम. तेराशे सत्तेचाळीसलेच हसन गंगूनं दौलताबादले बहमनी राज्य काढलं. बहमन लिहूनच हाय न इथं.”

क्षणभर आमची मॉरिस पहिल्या बहमनी सुलतानाची ठरली. भाटव्यांच्या चेहऱ्यावर मला, खोटं कशाला सांगू, अभिमान दिसला. मग त्यांनी घसा साफ करून सांगितलं की हे फसली साल आहे. हैदराबाद संस्थानच्या दप्तरात फसली चालायचं, त्यात पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन येतो, आणि बहमन हा महिना आहे. साल ऑक्टोबरात सुरू होतं म्हणून बहमन म्हणजे डिसेंबरच्या आसपास. म्हणजे डिसेंबर १९३७. मुलीनं कॅल्क्युलेटर काढला, बाबूंनी पुस्तक मिटलं. बहमनी राज्य संपलं.

पुढचा प्रश्न आयातीचा. परदेशी गाडीला बिल ऑफ एन्ट्री लागतं, म्हणजे ती बंदरातून कायदेशीर आत आली त्याचा कागद. आज कुणी अशी गाडी बाहेरून मागवली तर ठीक आहे. २०२५ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्या मागवायला परवान्याची कटकटही उरलेली नाही, खिसा मात्र लागतो. पण १९३७ साली मुंबईच्या बंदरात फाडलेली पावती आजोबांनी कुठं ठेवली, हे आजोबांनाच माहीत. भाटव्यांकडे होती ती करोडगिरीची पावती. इथं त्यांनी उठून, टेबलावर दोन्ही हात टेकून, एक मुद्दा मांडला. मला तो आजही बिनतोड वाटतो.

“हे पाहा मॅडम. ही गाडी आली निजामाच्या राज्यात. बरं? मग अठ्ठेचाळीस साली भारत आला राजुऱ्यात. म्हणजे गाडी भारतात आलीच नाही. भारत गाडीकडे आला. मग आयातीचा कागद गाडीनं द्यायचा का भारतानं?”

खिडकीत शांतता पसरली. मागच्या रांगेतल्या ट्रॅक्टरवाल्यानं “बराबर हाय काकाजीचं” असं मत दिलं. मुलीनं ‘आयात’ या चौकोनावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढं सरकली. पुढं फी होती.

“मग काका, ही नवीन नोंदणी झाली. वीस हजार.”

“नवीन कशी? जुनी हाय न. पुस्तक हाय. पाच हजार.”

“पण पाच हजार भारतात आधी नोंद असली तं. ही तं निजामात नोंदलेली हाय.”

“निजाम काय भारताच्या बाहेर होता का जी?” भाटवे कडाडले. त्यांच्या वडिलांनी त्या काळात चांद्याच्या बाजूला सत्याग्रह्यांसाठी भाकऱ्या पोचवल्या होत्या, ती सगळी पुण्याई त्यांच्या आवाजात उतरली. “हैदराबाद हे भारताचं अंग होतं, हाय आणि राहील! निजाम सतरा वेळा स्वतंत्र म्हणो!”

मुलीनं पेन्सिल खाली ठेवली. “काका, मगाशी म्हणाले भारत नंतर आला. आता म्हणता आधीपासून होता. एक काहीतरी धरा.”

माउंटबॅटन आणि सरदार पटेलांना ज्या प्रश्नावर वर्षभर खलबतं करावी लागली, तो त्या खिडकीत पंधरा हजार रुपयांवर येऊन थांबला होता. आयातीचा कागद टाळायचा तर हैदराबाद परदेश हवा; फी वाचवायची तर हैदराबाद स्वदेश हवा. भाटवे घरी आले, जेवले नाहीत. ताईनं विचारलं तर म्हणाले, “विलीनीकरणाचा घोळ हाय.”

मध्ये एक उपप्रश्नही निघाला. गाडी परराज्यातली धरली तर त्या राज्याची ना-हरकत लागते. हैदराबाद राज्य उरलेलं नाही. आदिलाबाद आधी आंध्र प्रदेशात होता, आता तेलंगणात आहे. कुणीतरी सुचवलं, तेलंगणाकडून आणा. तेलंगण राज्य २ जून २०१४ ला जन्मलं; तोवर गाडीला शहात्तर वर्षं पुरी झाली होती. शिवाय गाडी तेलंगणातून आलेली नाही. तिकडचा जिल्हाच तिला टाकून मागं राहिला.

घोळ सोडवला तो कचेरीतल्या शिपायानं. पुस्तक उर्दू म्हणून उर्दू शिक्षकांपासून मॅडमपर्यंत जो तो ते उजवीकडून उघडत होता. शिपायाला उर्दूचा आदर करायचं काही कारण नव्हतं. त्यानं ते आपल्या ज्ञानेश्वरीसारखं डावीकडून उघडलं, आणि पहिलंच पान निघालं ते मुंबई राज्याचं: १९५७ साल, नांदेड जिल्हा, फेरनोंदणी, गोल शिक्का, सही, शाई अजून निळी. भारतात नोंद. फी पाच हजार. आयातीचा प्रश्न मिटला, परराज्याचा मिटला, निजामाचा मिटला. दोन-तीन वर्षं राजुऱ्याला नांदेडला जोडण्याचा जो निर्णय अख्ख्या तालुक्याला वेडेपणाचा वाटला होता, त्याचा लाभार्थी अखेर सापडला.

पण निरीक्षकाला गाडी पाहायची होती, आणि गाडी अहेरीला होती.

बल्लारपूरहून एका मिस्त्रीचाचांना नेलं. त्यांचं आयुष्य कोळसा खाणीतल्या डंपरखाली पालथं पडून गेलेलं. डंपरच्या चाकाएवढी अख्खी गाडी बघून ते आधी थोडे खट्टू झाले. बॉनेट उघडल्यावर मात्र हसले. कार्बुरेटर एसयूचा होता, आणि तो त्यांनी जन्मभर अ‍ॅम्बेसेडरमध्ये खोललेला. अ‍ॅम्बेसेडर हीसुद्धा मॉरिस ऑक्सफर्डवरूनच बेतलेली. दोघींचं माहेर एकच. २०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना थांबला, पण चाचांच्या पत्र्याच्या डब्यात तिचे जेट, सुया आणि वॉशर अजून नांदत होते.

अडलं ते पाण्यापाशी. या गाडीला पाण्याचा पंप नाही. इंजिनात तापलेलं पाणी आपोआप वर चढावं, रेडिएटरमध्ये गार व्हावं आणि खाली उतरावं, एवढ्यावर कौलीच्या इंजिनिअरनं भागवलं होतं. इंग्लंडात भागत असेल. आमच्याकडे मेमध्ये पाणी वर चढतं आणि खाली उतरायला त्याला काही कारण दिसत नाही. चाचांनी पंप बसवू म्हटलं तेव्हा भाटव्यांनी पुठ्ठ्यावरचं कात्रण दाखवलं: इंजिनात फेरफार चालत नाही. शेवटी फेरफार वेळापत्रकात केला. गाडी सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर.

पायाखालच्या लाकडी फळ्या उधईनं खाल्लेल्या होत्या. नियमात चेसिस आहे, बॉडी आहे, इंजिन आहे. फळ्यांचं नाव नाही. तेव्हा त्या बदलल्या, आणि आलापल्लीच्या सागाच्या घातल्या. अयोध्येच्या मंदिराला आणि नव्या संसदेला ज्या भागातून साग गेला, त्याच भागातल्या सागावर आता भाटव्यांचा डावा पाय क्लच दाबतो. गोठ्याच्या जुन्या तुळईतून त्या काढल्या होत्या, त्यामुळे कुणाच्या जंगलाला धक्का नव्हता; पण हे आष्टीच्या पुलाकडे येताना नाक्यावरच्या वनरक्षकाला कसं कळावं?

सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची रांग, त्या रांगेत एक मेटाडोर, मेटाडोरवर दोरांनी बांधलेली काळी मॉरिस. रक्षकानं दार उघडलं, आत वाकला, फळीवर टकटक केलं आणि विचारलं, “साग हाय न जी हा? टीपी?”

इमारती लाकूड हलवायला वाहतूक पास लागतो, हे इकडं दुधपित्या पोराला माहीत असतं. भाटवे म्हणाले, हे लाकूड नाही, मोटार आहे. रक्षक म्हणाला, लाकूड मोटारीत नेणारे पुष्कळ पाहिले, मोटारीचंच लाकूड केलेला पहिला. मग त्याच्या साहेबांना फोन झाला. साहेबांनी फोटो मागवला, फोटो बघून विचारलं की गाडी विकायची आहे का. नाही म्हटल्यावर सोडून द्या म्हणाले.

विम्याच्या पोराचं वेगळंच. त्याच्या यादीत मॉरिस नव्हती. शोधता शोधता त्याला एमजी सापडली, तिचं पूर्ण नाव मॉरिस गॅरेजेस, मूळ मालकही तोच सायकलवाला विल्यम मॉरिस. पोरानं आनंदानं नव्याकोऱ्या मोठ्या गाडीचा हप्ता काढून दिला, वर छताला काचेची खिडकी आहे का म्हणून विचारलं. “छतालाच नाही, तळालाही होती,” भाटवे म्हणाले. “आता फळ्या घातल्या.”

तपासणीच्या दिवशी निरीक्षक आले. तरुण, कोरे बूट. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, ठसा घेतला. हॉर्न वाजवला. मग म्हणाले, इंडिकेटर दाखवा. भाटव्यांनी खटका फिरवला आणि दाराजवळच्या खांबातून एक वीतभर हात, टोकाला पिवळा दिवा लावून, टक्कन बाहेर आला. साहेब दोन पावलं मागं सरकले. मग म्हणाले, पुन्हा. मग म्हणाले, उजवा. मग एजंट जमले, परवान्याच्या परीक्षेला आलेली पोरं जमली, आणि बराच वेळ त्या आवारात सरकारी काम म्हणून फक्त तो हात वर-खाली होत राहिला. ब्रेक बघायचे राहून गेले का, हे मी विचारलं नाही.

धुराचं प्रमाणपत्र काढताना भाटव्यांना धाकधूक होती. मला नव्हती. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली तेव्हा चंद्रपूर वरच्या पाचांत होतं. इथं गाडी जी हवा आत घेते तिच्याहून वाईट हवा बाहेर सोडायची म्हणजे इंजिनाला खास मेहनत घ्यावी लागेल.

प्रमाणपत्र आलं. जुना क्रमांक कायम राहिला. गल्लीतल्या लोकांची जरा निराशा झाली, कारण पाटीवर ना चंद्रपूरचा चौतीस, ना गडचिरोलीचा तेहतीस. पण व्हीएचा नवा घेतला असता तरी त्यातही जिल्ह्याचा आकडा नसतोच. चार जिल्हे पाहिलेल्या गाडीला ते बरंच म्हणायचं.

आता अडचण एकच उरली, आणि ती ताईनं बोट ठेवून दाखवली. प्रमाणपत्राबरोबर अट येते: गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही, धंद्याला तर नाहीच. चालेल कशासाठी? तांत्रिक संशोधन, प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल. रॅली म्हणाल तर जवळात जवळ नागपूर, आणि तिथवर सकाळी नऊच्या आत पोचायचं तर आदल्या दिवशी निघावं लागेल. वडशाच्या एका नाटक कंपनीचा माणूस येऊन गेला. झाडीपट्टीच्या नाटकात नायिकेचा बाप मोटारीतून उतरतो, तेवढा प्रवेश हवा होता, रात्रीचे पैसे देऊ म्हणाला. हे प्रदर्शन की धंदा, यावर भाटव्यांनी नियम काढून बराच विचार केला. मोटार रंगमंचाच्या फळ्यांवर चढवली तर फळ्या राहतील का, यावर कंपनीनं केला. तो बेत राहिला. ताडोब्याला सफारीला लावा, असंही कुणी सुचवलं. तिच्यातून वाघ दिसेलही, पण परत ढकलायला खाली कोण उतरेल?

तेव्हा राहिलं पेट्रोल. टाकी लहान, भाटव्यांचा पगार आता पेन्शन, त्यामुळे एका वेळी दोनशेचं. म्हणजे पेट्रोल वरचेवर भरावं लागतं. पंप गोल बाजाराच्या वाटेवर निवडलेला आहे. ताई सोबत असते, कारण ढकलायची वेळ आली तर स्टेअरिंगवर कुणीतरी लागतं.

परवा जटपुरा गेटाशी नेहमीप्रमाणे सगळं तुंबलं होतं. ट्रॅफिकच्या पोरानं मॉरिस थांबवली. नवा होता, पण नियम वाचलेला.

“काका, ही रोज चालवता येत नाही न?”

“पेट्रोल भरायले निघालो.”

“पंप तं मागं राह्यला.”

“भरलं. आता देखभाल.”

पोरगं खिडकीतून आत वाकलं. “अन् हे पिशवीत?”

“वांगी,” ताई म्हणाली.

“वांगी कशात बसतात मावशी?”

“तांत्रिक संशोधनात,” ताई म्हणाली. “ह्या वयात गाडी अन् हे, दोघं मिळून दोन किलो ओढतात का नाही, ते पाहून राह्यली मी.”